आरशाच्या जागी

कोरगावात बाबली च्यारींच्या चित्रशाळेत त्या सकाळी बावीस गणपती रांगेने बसले होते आणि एकालाही डोळे नव्हते. किरीट होते, सोंडेवर कुंकवाच्या वेलबुट्ट्या होत्या, पितांबरांना हळदीसारखा पिवळा चढला होता. भुवयांखाली मात्र शिंपल्याच्या पोटासारखी पांढरी, कोरी जागा. मी दारात चपला काढल्या आणि उगीचच पदर सारखा केला. ज्याला डोळे नाहीत त्याच्यासमोर माणूस जरा जास्तच लाजतो.

चवथीला अठरा दिवस राहिले होते. गौरवी जमिनीवर बसून देवांच्या उंदरांसाठी माती मळत होती. गौरवी बाबलीकाकांची एकुलती एक मुलगी आणि माझी शाळेतली मैत्रीण. मळताना ती गुणगुणत होती,

मळते गो माती, मुठीत मऊ लोणी
रूप घडे हाती, नजर देईल कोणी

"इलंस?" मला बघून ती थांबली. "बाबा वाट बघतत. आज तुका कायतरी सांगूचा असा तेंका."

बाबलीकाका माझ्याशी तीन वर्षं नीट बोलले नव्हते. रागावलेही नव्हते, हेच त्यातलं वाईट.

मूर्तीचे डोळे रेखायच्या कामाला आखणी म्हणतात. सगळीकडेच ती शेवटी करतात, पण च्यारींच्या घरची रीत वेगळी. बाबलीकाका मूर्तीच्या मागे बसतात. मूर्तीसमोर, पाटावर, त्यांच्या आज्याच्या वेळचा शिसवी चौकटीचा लहान आरसा उभा असतो. काकांचा हात मूर्तीच्या खांद्यावरून पुढे येतो आणि ते आरशात बघून डोळा उघडतात. देवाची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही, आरशावर पडू द्यायची. आरसा ती सोसतो. म्हणून आखणीच्या वेळी समोर कुणी बसत नाही, घरचं माणूससुद्धा नाही. गौरवी बारा वर्षं बापाच्या पाठीमागे बसत आली होती. रंग तिच्या हातात उतरला, पण डोळा उघडताना समोरून कसा दिसतो ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मी काकांच्या हातापाया पडले होते, मला आखणीचे फोटो काढू द्या म्हणून. मी पेडण्या-डिचोलीकडची लग्नं-बारशी काढणारी बाई. देवाचा डोळा उघडताना काढायचा, ही हाव मनात कधीची होती. काकांनी माझा कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ह्या डब्यात काय असा?"

"आरसो असा काका. भायरचा चित्र त्या आरशात पडता आणि मी ता बघतंय."

"आरसो असा?" ते खुलले. "मगे बस थंय. आरशाच्या बाजूक आरसो."

अशी मी एकटीच त्या पाटाजवळ बसले. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, उजेड आला होता. वाटेवर पोदेराने पावाच्या सायकलचा भोंगा वाजवला, पोंऽ पोंऽ, काकांचा हात केसभरही हलला नाही. कुंचल्याचं टोक डोळ्याच्या कोनाकडे निघालं आणि मी बटण दाबलं.

त्या कॅमेऱ्यात चित्र घ्यायच्या क्षणी आतला आरसा टुणकन वर उडतो आणि परत खाली आपटतो. खटाक्!

कोन चढला, तांदळाच्या कणीएवढा. काकांनी कुंचला खाली ठेवला, आरशात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गेलो." एवढंच. ती मूर्ती त्यांनी कुणाला दिली नाही. बालदीत बुडवली, पुन्हा माती केली, दोन दिवसांत दुसरी घडवली. पुढच्या वर्षीपासून आखणीच्या वेळी चित्रशाळेचं दार बंद व्हायला लागलं. गौरवीलाही बाहेर. माझ्या एका खटाक्‌ने माझ्या मैत्रिणीचं शिक्षण बंद झालं होतं. तिने मला एका शब्दाने ऐकवलं नाही. तिच्या जागी मी असते तर ऐकवलं असतं.

आता काका ओसरीवर कदेलात, हातांच्या खुर्चीत, बसले होते. माझ्याकडे बघताना त्यांनी मान थोडी वळवली, कोंबडा दाण्याकडे बघतो तशी.

"बस गो विनिता. म्हापशाचो डाक्टर सांगता, डोळ्याच्या पडद्यार मधोमध झिजला. परत येवचा नाय. कडेक सगळा लख्ख दिसता. पण ज्याच्याकडे बघतंय, ताच नाय जाता." ते हसले. "देवाचो डोळो सोडून सगळो देव दिसता माका."

गौरवी दारात मातीचे हात घेऊन उभी.

"ह्या वर्साक एक आखणी मी करतंय. हाताच्या आठवणीन. तू तेचे फोटो काढ. पयल्या रेघेपासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत, जवळसून. मगे ते बघून गौरवी शिकतली आणि एकवीस ती करतली. नाय शिकली तर लोक आपले गणपती दुसऱ्या शाळेत नेवन डोळे घालून घेतले. आणि ही शाळा बंद." त्यांनी बोट वर केलं. "पण तुझा ता खटाक् नको हां. मी आता आवाजार जगतंय. डोळ्यात धुका असला की कान वाघाचे होतत."

तर मला असा कॅमेरा हवा होता, जो देवापाशी बसून श्वासही ऐकू येऊ देणार नाही.

*

असे कॅमेरे आहेत हे मला ठाऊक होतं. मिररलेस. आत आरसाच नाही, म्हणून आपटायला काही नाही. कारापूरला घरी आल्यावर निहारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोनवर तक्ते काढले आणि आठवडाभर जेवताना वाचून दाखवले. ह्याचे मेगापिक्सेल इतके, त्याचा वेग इतका.

"हाच घे," तो म्हणाला. "छत्तीस गुण जुळतायत."

"आपले किती जुळले होते?"

"तेहतीस."

"बघ म्हणजे."

त्याने फोन उपडा ठेवला आणि भात कालवायला घेतला.

मी पणजीला जायला निघाले त्या सकाळी गौरवीचा भाऊबंद बसस्टॉपवर एक पुडकं देऊन गेला. जुन्या तुवालात गुंडाळलेलं, मुठीएवढं मातीचं मुखडं. गणपतीचंच, पण एकाच डोळ्याची आखणी केलेलं. वर चिठ्ठी: 'दुकानात ह्याच्यार बघून घे.' काकांच्या जुन्या हातचं असावं असं मी धरून चालले.

दुकानात पल्लवी नावाची मुलगी होती, चटपटीत, केसांत पेन्सिल खोचलेली. मी मुखडं बाहेर काढून काचेवर ठेवलं तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"ताई, हे काय?"

"ह्याचा फोटो काढायचाय. जो ह्याला आवडेल तो मी घेणार."

"मग त्यांनाच विचारूया," म्हणत तिने मुखड्याला हात जोडले आणि तीन कॅमेरे मांडले. तीन कंपन्यांचे.

"ताई, एक सांगते. कॅमेरा एकटा बघू नका. कॅमेरा म्हणजे नवरा. लेन्सा म्हणजे सासर. नवरा दोन वर्षांनी बदलता येतो..."

"येतो?"

"कॅमेऱ्याचं म्हणतेय हो! सासर एकदा भरलं की नाही बदलता येत. एका कंपनीच्या लेन्सा दुसरीच्या अंगाला बसत नाहीत. आधी सासरी काय काय आहे ते बघा."

पोरीचं लग्न झालं नसावं, पण बोलली ते खरं होतं.

मी खाली जमिनीवर मांडी घातली. गिऱ्हाइकं बघायला लागली. मुखडं समोर ठेवलं, त्याच्या मागे पल्लवीला बसवलं, तिच्या हातात तिचीच पेन्सिल दिली. "तू आता ह्याच्या खांद्यावरून हात पुढे काढून डोळा रेखायचास. मी समोरून काढते. माझा कॅमेरा तुझ्या हाताला लागता कामा नये."

पहिला कॅमेरा राजासारखा. त्यातलं चित्र बघून डोळे निवले. लेन्सही तशीच, पितळी समईसारखी वजनदार. पण दहा मिनिटं धरला तर पुढे झुकायला लागला, मनगट वाकलं, आणि मनगट वाकलं की श्वास मोठा होतो. शिवाय त्याची चाकं फिरवताना टिक्‌ टिक्‌ करायची. शहाळं कानाशी धरून हलवतात तसा मी तो कानाशी धरला. टिक्‌. काकांच्या वाघाच्या कानांना हे पोचणार. मी तो खाली ठेवला, आणि हात मात्र त्याच्यावरून लवकर निघेना.

दुसरा एवढासा, गोड. पर्समध्ये मावेल. पण त्याच्या सासरी जवळून बघणारी लेन्स एकच होती आणि तीही आखूड. डोळा मोठा दिसायचा तर ती वीतभर अंतरावर न्यावी लागायची. पल्लवीची पेन्सिल दोनदा काचेवर आपटली.

"देव आंधळा राहील हो ताई अशाने."

तिसरा दिसायला काहीच नव्हता. काळा, थोडा बुटका. पण त्याची मूठ, उजव्या हाताने धरायची जागा, आंबाड्याच्या फळासारखी फुगीर. तिच्याभोवती माझी बोटं आपोआप मिटली. आईच्या कोयत्याला अशी मूठ होती, बाबांनी तिच्या हाताच्या मापाने तासलेली. दुसऱ्या कुणाच्या हातात तो कोयता रुसायचा. मी डोळे मिटले. अंगठा चाकावर आपसूक गेला, चाक लोण्यात फिरल्यासारखं फिरलं. तर्जनीला बटण सापडलं. त्याच्या सासरची लेन्स हातभर अंतरावरून बघणारी होती. नजर लावताना ती ना पुढे लांब व्हायची, ना भुंग्यासारखी गुणगुणायची. मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"बिघडलाय," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही बारा फोटो काढलेत," पल्लवी म्हणाली.

बघितलं तर खरंच बारा. पडद्यावर तो मातीचा डोळा, तळव्याएवढा. पांढऱ्यावर पांढऱ्याहून पांढरी एक छटा होती, ती नुसत्या नजरेला मला कधी दिसली नव्हती. रेघेच्या काठावर कुंचल्याच्या एका केसाने सोडलेली वाट दिसत होती. मुठीएवढ्या मातीत एवढं मोठं आभाळ होतं. मी दुकानाच्या फरशीवर बसून त्या डोळ्याकडे बघत राहिले आणि तो माझ्याकडे.

"आणि ह्याचा पडदा असा बाहेर येतो, जनेलाच्या झडपेसारखा," पल्लवी दाखवायला लागली. "पुढे पण वळतो. स्वतःचेच व्हिडिओ काढतात ना लोक, त्यांना लागतं."

"मला काय करायचंय त्याचं? माझं तोंड कोण बघणार?"

तिसराच घेतला. घरी निहारला तक्त्यात तो पाचवा आहे असं समजलं. मी म्हटलं, असू दे. तूही नव्हतास पहिला.

त्यानंतर रोज मी तो डोळे मिटून धरायचे. दूध तापेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. कुठलं बटण कुठे ते बोटांना पाठ झालं, जपमाळेसारखं.

*

आखणीच्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या बसने कोरगावला पोचले. पूर्वेचं जनेल उघडं होतं. काका अंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून, मधल्या मोठ्या मूर्तीच्या मागे बसले होते. समोर पाटावर आरसा. गौरवीने रंगाच्या वाट्या मांडल्या होत्या. मी आरशाशेजारी लहान तिवईवर कॅमेरा बसवला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. तीन वर्षं जिभेवर धरलेली गोष्ट होती.

"काका, ऐकलास? मी आताच दहा फोटो काढलंय. आवाज इलो?"

"नाय."

"येवचोच नाय! ह्याच्यात आरसोच नाय!"

काकांनी माझ्या आवाजाकडे कान वळवला.

"आरसो नाय?"

"नाय. तेवाच तर..."

"मगे ता थंय बसाक शकत नाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पडला होता. "मागच्या वेळाक आरसो होतो म्हणून मी तुका समोर बसवलंय. देवाची पयली नजर आरशार पडाक होयी. ह्या तुझ्या भोकात पडली तर ती खंय जातली? कोण सोसतलो ती?"

"काका, ती काच असा फक्त..."

"काच आणि आरसो एक काय गो? जनेलाक काच असा. जनेलात तोंड बघतंस?"

जो आरसा नाही म्हणून मी तो आणला, त्याच आरशापायी तो बाहेर पडत होता. गौरवीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या बोटाच्या टोकाला पांढरा रंग होता, तो ती पुसत राहिली, पुसून संपला तरी. बावीस कोरे चेहरे आमच्याकडे न बघता बसले होते.

"मी हातान करतंय," काका म्हणाले. "तुमी दोगांय भायर जावा. नशिबात असात तर..." त्यांनी कुंचला उचलला. टोक थरथरत नव्हतं. पण ते मूर्तीच्या भुवईकडे जाण्याऐवजी गालाकडे निघालं होतं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

मी कॅमेरा मिटायला घेतला. बाहेर काढलेला पडदा आत वळवायचा तर आधी पुढे फिरवावा लागतो. तो फिरवला.

"राव! हालव नको!"

काकांचा हात हवेत थांबला होता. "थंय कोण हाललो?"

"कोण नाय काका, मी..."

"तू नाय. तुझ्या डब्यात. कडेक माका सगळा दिसता, सांगलंय मा? माझ्यासारखो कोण तरी कुंचलो घेवन हाललो."

मी कॅमेऱ्याच्या मागून वाकून बघितलं. पुढे वळलेल्या पडद्यावर मूर्तीचा चेहरा होता आणि त्याच्या गालाशी काकांचा हात. काकांनी कुंचला उजवीकडे नेला. पडद्यावरचा कुंचलाही त्यांच्या उजवीकडे गेला. डावीकडे नेला, तोही डावीकडे आला. त्यांनी पुन्हा केलं. मग सावकाश म्हणाले,

"मनीस समोर बसलो आणि उजवो हात हलयलो, तर तो माझ्या डावीक दिसता. आरशात मात्र उजवो तो उजवोच." ते पुढे झुकले. "विनिता, तू माका फसयतंस. ह्यो आरसोच असा मरे!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्वतःचं तोंड बघत बोलणाऱ्यांना केस सारखे करता यावेत म्हणून हा पडदा पुढे वळला की चित्र उलटं करून दाखवतो. आरशासारखं. पणजीच्या दुकानात मी ज्याला हसले होते, ते हे.

"आत आरसो नाय काका," मी म्हटलं. "पण भायर असा."

"एवढोसो दिसता पण. जरा मोठो होता?"

मी बाजूला जनेलाशी सरकले, म्हणजे समोर कुणी राहणार नाही. तिथून हात लांबवला. बटणं मला दिसत नव्हती. बोटांनी मूठ ओळखली, अंगठ्याने चाक. लोण्यासारखं ते फिरलं.

"आधी ता मुखडा ठेव," काका म्हणाले. कॅमेरा त्यांच्या जुन्या मुखड्यावर पारखून घेतल्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. "माझो जुनो डोळो बघूया, दिसता काय."

गौरवी दचकली. मी तुवालातून मुखडं काढून मूर्तीच्या पुढ्यात धरलं. पडद्यावर डोळा आला. बोराएवढा, मग आंबाड्याएवढा, मग पडदाभर. काकांनी मान सरळ केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना कशाकडे तरी सरळ बघताना पाहिलं. डोळा त्यांच्या धुक्याहून मोठा झाला होता. धुकं मध्ये होतं तरी त्याच्या चहूबाजूंनी डोळा उरत होता.

त्यांनी हवेत बोटाने त्या डोळ्याची रेघ गिरवली.

"ह्यो माझो नाय," काका म्हणाले.

गौरवी हळूच म्हणाली, "माझो."

"तुका कोणी शिकयला? तू तर समोरसून कदीच बघूक नाय."

"तुमचो खांदो बघून, बाबा. बारा वर्सां मागे बसलंय. वयली रेघ वडताना खांदो उचलता. कोनाक इलो की थांबता. ठिपको देताना तुमी श्वास सोडतास, तेवा पाठ खाली येता. मी माझो खांदो तसो हलयलंय आणि हात खंय जाता ता बघलंय."

मी डोळ्यांनी बघायचं यंत्र आणायला पणजीपर्यंत गेले होते, आणि हिने बापाच्या पाठीवरून देवाचा डोळा वाचला होता.

काका पडद्याकडेच बघत होते. "उजवो कोन चढलो असा."

"होय."

"वयली रेघ जाड झाली."

"होय बाबा."

"पण नजर असा," ते म्हणाले. "नजर असा गो चेडवा. ती शिकवन येना नाय." मग त्यांनी पाटाकडे बोट केलं. "आज्याच्या आरशाक नमस्कार कर आणि कुशीक ठेव. लय वर्सां सोसलान तेनी. आणि तू हंय बस, माझ्या बाजूक."

गौरवीने शिसवी आरसा पदराने पुसला, कपाळाला लावला आणि जनेलात ठेवला. कॅमेरा त्याच्या जागी सरकला.

पडद्यावर कोरी जागा आली, पांढरी, एवढी मोठी की तिथे शेत करता आलं असतं. काकांचा कुंचला त्या शेतात उतरला. वरची रेघ. खांदा उचलला. गौरवीचाही उचलला. कोनापाशी दोघंही थांबली. रेघेच्या टोकाला रंगाचा एक थेंब होता, त्यात जनेल दिसत होतं, आणि जनेलाच्या बाहेरचा माड. मग बुबुळाचा गोल, काळा, भिजलेला. मी चाकावर अंगठा ठेवून बसले होते आणि डोळे तिरके करून बघत होते. कोरडी माती हळूहळू कुणीतरी व्हायला लागली होती. शेवटचा ठिपका पांढरा, मोहरीच्या टरफलाएवढा. त्याला त्या घरात जीव म्हणतात. काकांनी श्वास सोडला. पाठ खाली आली.

आणि कुणीतरी आमच्याकडे बघितलं.

मी खरं तेच सांगते. पडद्यावर एक रंगवलेला डोळा होता, एवढंच. पण त्या क्षणी खोलीत एक जण वाढला. उजेड तोच होता, तरी तो आता कुणाला तरी दिसत होता. माझे हात आपोआप जोडले जाणार होते, कॅमेऱ्यावर होते म्हणून राहिले.

"डावो तुझो," काका म्हणाले आणि कुंचला गौरवीच्या हातात दिला.

"बाबा, चुकलो तर?"

"बालदी असा. माती काय रुसत नाय."

तिने हात पुढे काढला. काका पडद्यात बघून बोलत होते, अगदी हळू, पोराला झोपवताना बोलतात तसं. "वयर. आनी थोडा. हां, राव. आता खांदो नको, मनगट. सोड श्वास." कोन चढला नाही. रेघ जाड झाली नाही. जीव पडला तेव्हा दोन्ही डोळे मिळून बघायला लागले, एकाच ठिकाणी, त्या काळ्या बुटक्या डब्याकडे. डब्याने ते सोसलं.

गौरवी रडत नव्हती. नुसती हात वर धरून बसली होती, तो खाली कसा आणायचा ते विसरल्यासारखी.

"झाला मा सगळा?" काकांनी मला विचारलं. "दाखव बघूया. पयल्या रेघेपासून."

मी कॅमेरा उचलला, काढलेले फोटो चाळायला घेतले. सकाळचे दहा होते. आरशाचे, जमिनीचे, माझ्या पायाचे. त्यानंतर काही नाही. मी पुन्हा बघितलं. अंगठा चाकावर होता, तर्जनी बटणावर होती, आणि ती मी एकदाही दाबली नव्हती. खटाक् होत नाही म्हणून कळलंही नव्हतं. मी फक्त बघत बसले होते.

"काका," मी म्हटलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. "एकय फोटो नाय."

ते असे हसले की वाट्या हलल्या. "अगो, आरसो कदी धरून ठेवता काय? सांगलंय मा मी, ह्यो आरसोच असा!"

गौरवीलाही हसू फुटलं. हसताहसता तिचा हात खाली आला. तिने वाटीत कुंचला धुतला, दोघांनी मिळून उघडलेल्या देवाला वळून न बघता नमस्कार केला आणि दुसऱ्या मूर्तीच्या मागे जाऊन बसली, एकटी. गुणगुणायला लागली,

आरशाच्या घरा, दार ना गो कडी
देव येऊन बसे, एवढीशी घडी

काका बाजूला सरकले. मी कॅमेरा तिच्या मूर्तीसमोर नेला, पडदा पुढे वळवला, बुबुळाची जागा मोठी केली. या वेळी बटणावर बोट घट्ट ठेवलं. कुंचला वरच्या रेघेवर टेकला. मी दाबलं. काही ऐकू आलं नाही.

वाटेवर पोदेराचा भोंगा वाजला, पोंऽ पोंऽ, अगदी जनेलाशी. काकांनी कान टवकारले आणि मान कलती करून लेकीच्या हाताकडे बघितलं.

हात केसभरही हलला नाही.